गारव्याची पाइपलाइन कुणाच्या मालकीची?

टोरांटोच्या मध्यवस्तीतल्या बँकांच्या उंच इमारतींत माणसे दिवसभर ज्या गारव्यात बसतात, तो गच्चीवरच्या यंत्रांतून आलेला नसतो. तो येतो ऑन्टारिओ सरोवराच्या तळाजवळून. गंमत अशी की इमारतींचा ताप शोषून घेतल्यावर सरोवराचे तेच पाणी पुढे शहराच्या नळांना सुटते. दुपारी ज्या पाण्याने कचेरी थंड ठेवली, त्याच पाण्यात संध्याकाळी कुणाच्या तरी घरी वरणभाताचा कुकर लागतो. टोरांटोत मराठी घरे आता थोडी नाहीत, तेव्हा हे वाक्य अलंकारिक समजू नये.

ही करामत करणाऱ्या कंपनीचे नाव एनवेव्ह. शहरातल्या इमारतींना ती हिवाळ्यात ऊब विकते आणि उन्हाळ्यात गारवा. इमारतीने स्वतःचा बॉयलर ठेवायचा नाही, स्वतःचा चिलर ठेवायचा नाही. रस्त्याखालून जाणाऱ्या पाइपला जोडून घ्यायचे आणि महिन्याच्या महिन्याला बिल भरायचे. अशा व्यवस्था पाश्चात्त्य शहरांत शंभराहून अधिक वर्षे चालत आल्या आहेत. न्यूयॉर्कमध्ये वाफेचे पाइप १८८२ पासून रस्त्यांखाली आहेत. हॉलिवूडच्या सिनेमात मॅनहॅटनच्या रस्त्यांमधून पांढरे लोट निघताना दिसतात, त्यांचा संबंध याच जाळ्याशी आहे.

म्हणजे तंत्र जुने आणि पारखलेले आहे. टोरांटोकडून महाराष्ट्रातल्या शहरांनी घ्यावेत असे धडे मात्र दोन आहेत. एक तिथल्या अभियंत्यांनी दिला, दुसरा नगरसेवकांनी. दुसरा जास्त महागात पडलेला आहे, आणि आपल्याकडे त्याच्याविषयी कुणी बोलत नाही.

आधी अभियंत्यांचे काम पाहू, कारण ते खरोखर देखणे आहे.

पाणी चार अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. कॅनडातल्या हिवाळ्यात सरोवराचा वरचा थर निवत निवत चार अंशांवर आला की खाली बुडतो आणि तळाशी जाऊन बसतो. उन्हाळ्यात वरचे पाणी पोहण्याइतके कोमट झाले तरी हा खालचा थर जागचा हलत नाही. टोरांटोच्या किनाऱ्यापासून सुमारे पाच किलोमीटर आत, ८३ मीटर खोलीवर, तीन जाडजूड प्लॅस्टिकचे पाइप टाकून हे पाणी उचलले जाते. आधी ते शहरासमोरच्या बेटावरच्या शुद्धीकरण केंद्रात जाते, तिथून जॉन स्ट्रीटच्या पंपिंग स्टेशनात. तिथे धातूच्या पातळ पत्र्यांच्या एका बाजूने सरोवराचे पाणी वाहते, दुसऱ्या बाजूने इमारतींमधून तापून परत आलेले बंद फेऱ्यातले पाणी. उकळलेल्या दुधाचे पातेले थंड पाण्याच्या परातीत ठेवावे तसा हा प्रकार: ताप इकडचा तिकडे जातो, दूध आणि पाणी मात्र एकमेकांत मिसळत नाही. निवलेले पाणी पुन्हा इमारतींकडे, आणि थोडे कोमट झालेले सरोवराचे पाणी शहराच्या जलवाहिन्यांकडे.

यातली खरी हुशारी सहज नजरेतून सुटते. शहर पिण्यासाठी पाणी उचलतच होते. ते फक्त अधिक खोलातून उचलायचे ठरले. त्यामुळे गारव्यासाठी सरोवरातून वेगळे पाणी काढावे लागले नाही आणि तापलेले पाणी सरोवरात परत सोडून मासे, शेवाळ यांचे तंत्र बिघडवावे लागले नाही. वर आणखी एक लाभ पदरात पडला. किनाऱ्याजवळच्या पाण्याला उन्हाळ्याच्या शेवटी शेवाळामुळे येणारा कुबट वास खोलातल्या पाण्याला येत नाही. पाणीपुरवठा खाते आणि गारवा विकणारी कंपनी एका टेबलाशी बसली म्हणून हे जमले. आपल्याकडे पाण्याची लाइन टाकणाऱ्याला गॅसची लाइन कुठे आहे हे कुदळ मारल्यावर कळते, हे लक्षात घेतले की त्या एका टेबलाचे मोल अधिक जाणवते.

योजना सुरू झाली ऑगस्ट २००४ मध्ये. त्याच्या बरोबर वर्षभर आधी, १४ ऑगस्ट २००३ रोजी, ईशान्य अमेरिका आणि ऑन्टारिओतले सुमारे पाच कोटी लोक अंधारात बुडाले होते. त्या अंधाराचे मूळ ओहायोतल्या वीजवाहिन्यांमध्ये होते, एअर कंडिशनरमध्ये नव्हे. पण वीजजाळे किती काठावर चालते आहे, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसले. कॅनडा म्हटले की बर्फ डोळ्यांपुढे येतो. ऑन्टारिओ प्रांतातल्या वीजमागणीचा उच्चांक मात्र १ ऑगस्ट २००६ या भर उन्हाळ्यातल्या दिवशी नोंदला गेला, २७,००५ मेगावॉट. सरोवराच्या पाण्यामुळे अशा ऐन मागणीच्या वेळी सुमारे ६१ मेगावॉट वाचतात, असे या योजनेबाबत सांगितले जाते. महापालिकेचे मुख्यालय, बर्फावरच्या हॉकीचे मोठे क्रीडागृह, रुग्णालये, बँका असे ग्राहक जोडले गेले. मागणी वाढत गेली तशी अलीकडे चौथा पाइप टाकण्याचे कामही हाती घेतले गेले.

इथपर्यंत कुणालाही टाळ्या वाजवाव्याशा वाटतील. आता दुसरा धडा.

ही कंपनी आकाशातून पडलेली नव्हती. तिचे मूळ शहरातल्या रुग्णालयांना वाफ पुरवणाऱ्या व्यवस्थेत आहे. त्यातून १९८२ साली टोरांटो डिस्ट्रिक्ट हीटिंग कॉर्पोरेशन उभी राहिली. १९९८ मध्ये तिची रीतसर कंपनी झाली, पुढे नाव बदलून एनवेव्ह झाले आणि मालक दोन राहिले: टोरांटो महापालिका आणि ऑन्टारिओतल्या पालिका कर्मचाऱ्यांचा निवृत्तिवेतन निधी. सरोवरात पाइप टाकण्याचा निर्णय या सार्वजनिक मालकांच्या काळातला. पिण्याच्या पाण्याची व्यवस्था शहराची, रस्ते शहराचे, पहिले मोठे ग्राहकही बऱ्याच अंशी सार्वजनिक संस्था. जोखीम कुणी घेतली, हा प्रश्नच उरत नाही.

पाइप टाकून आठ वर्षे झाली, ग्राहक जोडले गेले, पैसा येऊ लागला, आणि २०१२ मध्ये दोन्ही मालकांनी कंपनी ब्रुकफील्ड या खासगी गुंतवणूकदार समूहाला विकून टाकली. सौदा सुमारे ४८ कोटी कॅनेडियन डॉलरचा. त्यातले सुमारे १७ कोटी महापालिकेच्या वाट्याला आले. त्या वेळी महापौर रॉब फोर्ड होते आणि शहराचा खर्च आटोक्यात आणणे हा त्यांच्या राजकारणाचा गाभा होता. विक्रीनंतर खजिन्यात रोख रक्कम दिसली. महापालिकेच्या ताळेबंदात असे आकडे फार गोजिरे दिसतात.

नऊ वर्षांनी, २०२१ मध्ये, ब्रुकफील्डने एनवेव्हचा कॅनडातला धंदा ऑन्टारिओच्या शिक्षकांचा निवृत्तिवेतन निधी आणि आयएफएम ही ऑस्ट्रेलियन गुंतवणूक संस्था यांना विकला. किंमत सुमारे २८० कोटी कॅनेडियन डॉलर. या दोन आकड्यांची सरळ तुलना करणे अन्यायाचे ठरेल. मधल्या काळात नव्या मालकांनी इतर शहरांतली जाळी विकत घेतली, टोरांटोतही भांडवल ओतले, आणि त्या वर्षांत व्याजदर तळाला गेल्यामुळे पाइप, पूल, वीजवाहिन्या अशा सगळ्याच मालमत्तांचे भाव वर चढले होते. तरीही या सगळ्याची सूट दिल्यावर जी दरी उरते, ती नुसत्या हुशार व्यवस्थापनाने भरून निघणारी नाही.

निवृत्तिवेतन निधी अशा कंपन्यांवर इतके लट्टू का असतात, हे एकदा समजून घ्यायला हवे. एखाद्या इमारतीने आपला चिलर भंगारात काढला, गच्चीवरच्या कूलिंग टॉवरच्या जागी बाग केली, तळघरातल्या यंत्रांच्या खोलीचे पार्किंग केले, की ती इमारत रस्त्याखालच्या पाइपला कायमची बांधली गेली. साबण महाग झाला तर दुसरा साबण घेता येतो. इथे दुसरा पाइपच नाही. करार पंधरा-वीस वर्षांचे. विजेच्या आणि गॅसच्या दरांवर ऑन्टारिओत नियामक मंडळाचे लक्ष असते. गारव्याचा दर मात्र कंपनी आणि ग्राहक यांच्या करारात ठरतो. ग्राहक बँक असेल तर तिच्याकडे वकिलांची फौज असते. ग्राहक जर तीनशे सदनिकांची सोसायटी असेल, तर काय?

तर काय होते ते पाहायला फार लांब जावे लागत नाही, दुबईला गेले तरी पुरे. तिथे घर भाड्याने शोधणाऱ्या मराठी माणसाला पहिल्याच आठवड्यात ‘चिलर फ्री’ हा शब्द शिकावा लागतो. जाहिरातीत तो असला तर गारव्याचे बिल घरमालक भरणार. नसला तर भाडेकरू. दुबईतल्या असंख्य इमारती थंड पाण्याच्या अशाच सामायिक जाळ्यावर, म्हणजे डिस्ट्रिक्ट कूलिंगवर, चालतात आणि अनेक ठिकाणी बिलाचे दोन भाग असतात. एक भाग वापरलेल्या गारव्याचा. दुसरा भाग घरासाठी राखून ठेवलेल्या क्षमतेचा. मे-जूनमध्ये घराला कुलूप लावून कुटुंब पुण्याला आले, तरी दुसरा भाग भरायचाच असतो. रहिवाशांनी वर्षानुवर्षे कुरकुर केली, आणि अखेर २०२१ मध्ये दुबईच्या राज्यकर्त्यांना या धंद्यासाठी खास नियमावली काढावी लागली. धंदा आधी, नियम नंतर, असा तो उलटा क्रम.

क्षमतेचे पैसे ही कल्पना मुळात चुकीची नाही. महावितरणच्या बिलातही ‘स्थिर आकार’ असतोच. यंत्रे उभारायला भांडवल लागते आणि ते वापर कमी झाला म्हणून कमी होत नाही. पण ती क्षमता किती धरायची, कुणी मोजायची आणि अंदाज चुकला तर भुर्दंड कुणी सोसायचा, हे करारात कसे लिहिले आहे यावर सारे काही ठरते. महाराष्ट्राने हे एकदा गुहागरच्या किनाऱ्यावर पाहिले आहे. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाच्या करारात वीज उचलली नाही तरी स्थिर खर्च द्यावाच लागेल अशी तरतूद होती. प्रकल्पातून १९९९ मध्ये वीज सुरू झाली आणि २००१ मध्ये राज्य वीज मंडळाने ती घेणे थांबवले, कारण ते बिल पेलवेना. अमेरिकेतली मूळ कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. वीज असो की थंड पाणी, दीर्घ मुदतीचा आणि एकाच विक्रेत्याचा करार कसा वाचायचा याची शिकवणी महाराष्ट्राने भरपूर फी देऊन घेतलेली आहे. ती विसरायची काय गरज आहे?

खासगी कंपनी नकोच, असा याचा अर्थ होत नाही. मालकी आणि चालवणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जगातली शहाणी शहरे त्या वेगळ्या ठेवतात. पॅरिसमध्ये लूव्र संग्रहालयासह शेकडो इमारतींना सीनच्या काठच्या केंद्रांतून थंड पाणी जाते. १९९१ पासून ते काम एका खासगी समूहाची कंपनी करते आहे. २०२२ मध्ये नवा करार झाला तो वीस वर्षांसाठी, आणि त्यात शहरातल्या वाहतूक महामंडळालाही भागीदार करून घेतले गेले. मुदत संपली की जाळे शहराचे. आपल्याकडच्या भाषेत हे ‘बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा’ झाले. फक्त ‘हस्तांतरित करा’ हा शेवटचा भाग तिथे गांभीर्याने घेतात.

डेन्मार्कने त्याहून सोपा मार्ग धरला. १९७० च्या दशकातल्या तेलसंकटाने पोळल्यावर त्या देशाने १९७९ मध्ये उष्णतापुरवठ्याचा कायदा केला. घराला पुरवलेल्या उबेचा दर खर्चाइतका असावा, त्यावर नफेखोरी नको, हे त्याचे सूत्र. कोपनहेगनमधली जवळपास सगळी घरे, सुमारे ९८ टक्के, आज या जाळ्यावर आहेत. सिंगापूरने नवे मरीना बे उभारताना २००१ मध्येच डिस्ट्रिक्ट कूलिंगचा कायदा केला. तिथे मोठ्या नव्या इमारतींना जोडणी घेणे भाग आहे, पण त्याच्या बदल्यात दरावर सरकारी नियामकाचे नियंत्रण आहे: इमारतीने स्वतःचे चांगले यंत्र बसवले असते तर जो खर्च आला असता, त्याहून जास्त आकारायचे नाही. सक्ती आणि संरक्षण एकाच कायद्यात. सिंगापूरची लोकशाही आपल्याला पचणारी नाही, पण हा कायदा उचलण्यासारखा आहे.

आणि ज्यांनी विकून टाकले, त्यांचे काय झाले? बर्लिनने १९९७ मध्ये आपली वीजकंपनी बेवाग विकली; शहराखालचे ऊब पुरवणारे प्रचंड जाळेही तिच्याबरोबर गेले आणि पुढे वॅटनफॉल या स्वीडिश सरकारी कंपनीकडे पोहोचले. म्हणजे बर्लिनकरांच्या घरातल्या उबेचा मालक स्वीडनचे सरकार. २०२४ मध्ये बर्लिनने ते जाळे सुमारे १४० कोटी युरो मोजून परत घेतले. हॅम्बर्गमध्ये २०१३ साली नागरिकांनी सार्वमतात जेमतेम बहुमताने कौल दिला की शहरातली ऊर्जेची जाळी पुन्हा शहराच्या मालकीची करा, आणि २०१९ मध्ये उबेचे जाळे परत आले. या व्यवहारांतला प्रत्येक युरो शेवटी त्याच रहिवाशांच्या खिशातून गेला, ज्यांच्या आजोबांनी पहिला पाइप टाकण्यासाठी कर भरला होता.

मुंबईला हे नवे नसावे. ‘बेस्ट’ मुळात खासगी कंपनी होती. स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, ७ ऑगस्ट १९४७ रोजी, महापालिकेने ती ताब्यात घेतली. तिची आजची आर्थिक अवस्था हा वेगळ्या लेखाचा आणि बऱ्याच संतापाचा विषय आहे. पण शहराची वीज शहराच्या हाती असावी असे त्या पिढीला वाटले होते, एवढे खरे.

आता प्रश्न येतो की हे सगळे ठाण्या-पुण्यात कशाला आणायचे. येऊ घातले आहे म्हणून. केंद्र सरकारने मार्च २०१९ मध्ये शीतकरणाचा राष्ट्रीय आराखडा प्रसिद्ध केला. त्यात २०१७-१८ ते २०३७-३८ या वीस वर्षांत देशातली गारव्याची मागणी सुमारे आठपट होईल, असा अंदाज आहे. ३० मे २०२४ रोजी देशातली विजेची मागणी २५० गिगावॉटला भिडली, आणि त्यात पंख्यांपासून एसीपर्यंत सगळ्यांचा वाटा होता. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने केंद्राच्या ईईएसएल या कंपनीबरोबर डिस्ट्रिक्ट कूलिंगसाठी देशातल्या ज्या पाच शहरांची प्राथमिक पाहणी केली, त्यांत पुणे आणि ठाणे ही दोन महाराष्ट्रातली आहेत. बाकीची राजकोट, भोपाळ आणि कोइमतूर. शेजारच्या गुजरातमध्ये गिफ्ट सिटीत तर २०१५ पासून दहा हजार टन शीतकरण क्षमतेच्या पहिल्या टप्प्याने काम सुरूही झाले आहे. तिथे रस्त्यांखाली माणूस चालत जाऊ शकेल एवढा बोगदा आधीच बांधला होता, त्यामुळे थंड पाण्याच्या पाइपसाठी पुन्हा खोदकाम करावे लागले नाही.

टोरांटोची जादू मात्र इथे चालणार नाही, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे. आपला समुद्र कोमट आणि उथळ आहे. मुंबई हायचे तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर दूर आहे आणि तिथेही समुद्र जेमतेम ७५ मीटर खोल आहे. थंडगार पाणी गाठायला त्याच्याही पुढे जावे लागेल. म्हणजे आपल्याकडे मोठे मध्यवर्ती चिलर बसवावे लागतील आणि त्यांना वीज लागेलच.

मग फायदा कुठे आहे? तो वेळांच्या फरकात आहे. कचेऱ्यांना गारवा दुपारी लागतो, घरांना रात्री, मॉल आणि चित्रपटगृहांना संध्याकाळी, रुग्णालयाला चोवीस तास. प्रत्येकाने आपापल्या कमाल गरजेएवढे यंत्र बसवले तर शहरात एकूण जेवढी क्षमता उभी राहते, त्याहून बरीच कमी क्षमता एका सामायिक केंद्राला पुरते. रात्री वीज स्वस्त असताना पाणी थंड करून किंवा बर्फ करून टाकीत साठवता येते आणि दुपारच्या ऐन मागणीच्या वेळी ते वापरता येते. खिडक्यांबाहेर लटकणारी आणि गल्लीत गरम वारा ओकणारी यंत्रे कमी होतात. त्या गल्लीतून जाणारा, एसी कधीच न परवडणारा माणूस या हिशेबात सहसा धरला जात नाही. तो धरला पाहिजे; खरे तर सार्वजनिक हस्तक्षेपाचे सर्वांत ठाम कारण तोच आहे.

एक अडचण मात्र महाराष्ट्रात दडवून चालणार नाही, आणि ती पाण्याची. कूलिंग टॉवर असलेल्या केंद्रातून एक टन क्षमतेचा गारवा तासभर पुरवायला सुमारे सहा लिटर पाणी वाफ होऊन उडून जाते. दहा हजार टनांचे केंद्र पूर्ण जोराने चालले तर दर तासाला दहा हजार लिटरचे सहा टँकर हवेत. आज स्वतंत्र टॉवर असलेल्या इमारतीही हे पाणी उडवतातच, फक्त ते विखुरलेले असल्याने दिसत नाही. एका ठिकाणी आणले की ते दिसेल, आणि मग ते पिण्याचे पाणी असता कामा नये. मलनिस्सारण केंद्रातले प्रक्रिया केलेले पाणी वापरण्याची अट परवानगीतच घालावी लागेल. सुदैवाने मध्यवर्ती केंद्राला असा एकच पाइप देणे शक्य असते. शंभर इमारतींच्या गच्च्यांवर तो नेणे शक्य नसते.

‘ज्यांना नळाला धड पाणी देता येत नाही, त्या महापालिका थंड पाणी कसे देणार?’ असा टोमणा कुणी मारला तर त्यात तथ्य आहे. म्हणूनच चालवण्याचे काम अनुभवी कंपनीला निविदेने द्यावे. अशा कंपन्या आहेत आणि त्या भारतात यायला उत्सुकही आहेत. एका आखाती कंपनीने २०१९ मध्ये आंध्र प्रदेशाच्या नियोजित अमरावती राजधानीसाठी वीस हजार टनांचा, तीस वर्षांचा करार केला होता. त्याच वर्षी सरकार बदलले आणि राजधानीच रखडली. थंड पाण्याचा पाइप शहर उभे राहण्याच्या भरवशावर टाकला जातो. शहराचा भरवसा राजकारणावर असतो. म्हणून ग्राहक निश्चित असतील तिथूनच सुरुवात करावी: मोठे सरकारी रुग्णालय, न्यायालयाची इमारत, मेट्रोची भूमिगत स्थानके, माहिती तंत्रज्ञानाची संकुले. निवासी सोसायट्यांना सक्तीने जोडण्याची घाई करू नये.

पण पाइप मात्र विकू नये. जमिनीखालचे जाळे आणि त्यासाठी राखलेली जागा ही महापालिकेची किंवा नियोजन प्राधिकरणाची राहावी. कंपनीने चालवावे, ठरलेला मोबदला घ्यावा, मुदत संपली की निघावे. गारव्याचा दर महाराष्ट्र वीज नियामक आयोगासमोर सुनावणी होऊन ठरावा. विजेसाठी ती घडी बसलेली आहे, थंड पाण्यासाठी तिचा विस्तार करायला कायद्यात दुरुस्ती लागेल आणि ती विधिमंडळाच्या आवाक्यातली आहे. स्थिर आकार मोजण्याची पद्धत पहिल्या दिवसापासून जाहीर असावी. रिकाम्या घराला किती आणि भरलेल्या घराला किती, हे सदनिका विकत घेताना विकसकाने करारनाम्यातच सांगावे. दुबईत हे उशिरा सुचले. आपल्याला उशीर करण्याचे कारण नाही.

उरण, पनवेल आणि पेण या तीन तालुक्यांतल्या १२४ गावांच्या जागेवर नवे शहर वसवण्याची अधिसूचना निघाली आहे आणि त्याचे नियोजन एमएमआरडीएकडे आहे. तिथे रस्ते अजून व्हायचे आहेत. युटिलिटीचे बोगदे आज नकाशावर काढायला शाई लागते. दहा वर्षांनी तेच काढायला जेसीबी लागतील. अशा शहराच्या प्रारूप विकास आराखड्यावर कायद्यानुसार हरकती आणि सूचना मागवल्या जातात. बहुतेक लोक आपल्या सातबाऱ्यावर आरक्षण पडले आहे का, एवढेच पाहायला तिथे जातात, आणि ते साहजिक आहे. त्या भागातल्या वाचकांनी, सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांनी आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांनी त्याच अर्जात आणखी दोन ओळी लिहून द्याव्यात: गारव्याच्या पाइपसाठी जागा आत्ताच राखा, आणि त्या पाइपची मालकी सार्वजनिकच ठेवा.